दिवा हिरवा, पण प्रिंट काही निघेना

माझ्या मावसभावाचं तहसील कचेरीसमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. एका सोमवारी सकाळी त्याचा फोन आला.

"दादा, प्रिंटर गेला."

"गेला म्हणजे? दिवा लागतोय का?"

"हिरवा लागतोय. कागद आहे, टोनर परवाच भरलाय. पण कमांड दिली की काही नाही. मुकाट बसून राहतो."

"कमांड किती वेळा दिलीस?"

"दिली असेल दोन-तीनदा."

जाऊन पाहिलं तर रांगेत एकोणीस कामं उभी. एकाच फाइलची, भाडेकराराच्या कोऱ्या नमुन्याची. झालं होतं एवढंच की रविवारी दुकान झाडताना सीपीयूमागची यूएसबीची वायर निघाली आणि परत लावताना ती शेजारच्या भोकात बसली. वायर दुसऱ्या भोकात गेली की काही प्रिंटर विंडोजला ओळखू येत नाहीत. नवीनच पाहुणा आला असं समजून विंडोज त्याच नावापुढे 'कॉपी १' लावून दुसरी नोंद करतं. भाऊ मात्र जुन्या नावावरच कमांड देत होता, आणि त्या नावाच्या वायरीला पलीकडे कोणीच नव्हतं.

मी वायर मूळ जागी लावली. आधी रांग रिकामी करायला हवी होती, पण तेवढं सुचेपर्यंत प्रिंटर घरघरला आणि पहिली प्रत बाहेर आली. मग दुसरी. मग तिसरी. गिऱ्हाईक हसत बघत होतं आणि भाऊ माझ्याकडे.

प्रिंटर बिघडला म्हणून मला जे फोन येतात, त्यांतल्या बऱ्याच वेळा प्रिंटर नावाची वस्तू ठणठणीत असते. अडलेलं असतं कॉम्प्युटरच्या आत. आणि हे समजायला थोडं अवघड जातं, कारण आपल्या मनात प्रिंटर म्हणजे टेबलावरचा तो डबा. खरं तर स्वस्तातल्या प्रिंटरचा निम्मा भाग कॉम्प्युटरच्या आतच राहतो. त्या निम्म्या भागाला आपण ड्रायव्हर म्हणतो.

हे जरा हिशेब करून बघू. लेझर प्रिंटर अक्षरं छापत नाही, ठिपके छापतो. ए४ पान ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने, छापायचं तर आडवे सुमारे ४,९६० आणि उभे ७,०१६ ठिपके लागतात. गुणाकार केला की साडेतीन कोटींच्या जवळ जातो. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा एवढंच सांगायचं म्हटलं तरी एका पानाला साधारण ४.३५ एमबी लागतात. आता एचपीचा लेझरजेट १०२० आठवा. ठेंगणा, स्क्रीन नाही, बटणं जेमतेम. वकिलांच्या टेबलापासून सोसायटीच्या ऑफिसपर्यंत कुठेतरी तुम्ही तो पाहिलेला आहे. त्याची स्वतःची मेमरी २ एमबी. म्हणजे एक अख्खं पान उघडून ठेवायलाही त्याच्या पोटात जागा नाही.

मग तो छापतो कसा? तो विचार करतच नाही. कुठला ठिपका काळा, कुठला पांढरा हे सगळं तुमचा कॉम्प्युटर ठरवतो, ते दाबून लहान करतो आणि पट्ट्यापट्ट्यांनी प्रिंटरकडे पाठवतो. प्रिंटर ते उलगडत उलगडत फिरत्या ड्रमवर उतरवतो. एवढंच नाही, १०१८ आणि १०२० ही मॉडेलं बंद केली की स्वतःचा चालायचा प्रोग्रॅमसुद्धा विसरतात. दर वेळी चालू केल्यावर ड्रायव्हरने तो त्यांना पुन्हा भरवायचा. आपण कोण आहोत हे ज्याला रोज सकाळी सांगावं लागतं, असा हा कामगार. कॅननचा एलबीपी २९०० याच जातीचा. दोघांच्या कार्ट्रिजमध्येही जवळपास फरक नाही, कारण एचपीच्या लेझरजेटची आतली यंत्रणा कॅननच बनवत आली आहे. रिफिलवाल्याला नुसतं 'ट्वेल्व्ह ए' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

सगळे प्रिंटर असे नव्हते. १९८५ साली अ‍ॅपलने लेझररायटर आणला, त्यात १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि दीड एमबी मेमरी होती. ज्या मॅकला तो जोडायचा त्या मॅकचा प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा! प्रिंटरच मालकापेक्षा हुशार. कॉम्प्युटरने फक्त वर्णन पाठवायचं: इथे या आकाराचं अक्षर, तिथून इथपर्यंत रेघ. ठिपके काढण्याचं काम प्रिंटरचं. हे वर्णन ज्या भाषेत असायचं ती अडोबीची पोस्टस्क्रिप्ट. एचपीने १९८४ च्या पहिल्या लेझरजेटपासून स्वतःची पीसीएल भाषा वापरली. अशा भाषा जाणणारा प्रिंटर असला की ड्रायव्हरचं काम दुभाष्याचं, आणि एक दुभाष्या गेला तर दुसरा मिळतो. पण लेझररायटरची किंमत होती ६,९९५ डॉलर. प्रिंटर स्वस्त करायचा तर त्याचा मेंदू काढून घ्यायचा, हा सोपा मार्ग कंपन्यांनी पुढे धरला. कॉम्प्युटर तोवर भरपूर वेगवान झाले होते, त्यामुळे कोणाला फरकही जाणवला नाही. फरक जाणवतो तो कॉम्प्युटर बदलल्यावर.

मध्येच डॉट मॅट्रिक्सबद्दल, कारण बाजारपेठेत तो अजून किरकिरतोय. त्याच्या पोटात साधारणपणे इंग्रजी अक्षरांचे नमुने आधीच भरलेले असतात. जुन्या फॉक्सप्रोतल्या बिलाच्या प्रोग्रॅमने 'ए' पाठवलं की तो 'ए' ठोकतो. ड्रायव्हरची फारशी गरजच नाही. म्हणून इंग्रजी बिल सर्रकन निघतं. तेच बिल विंडोजमधून मराठीत काढलं की देवनागरी त्याच्याकडे चित्र म्हणून जाते, आणि मग एकेका ओळीवर डोकं चार-चार फेऱ्या मारतं. गिऱ्हाईक म्हणतं प्रिंटर म्हातारा झाला. तो म्हातारा आहेच, पण हळू चालतोय ते चित्र काढावं लागतंय म्हणून.

आता ड्रायव्हर आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांचं नातं. ड्रायव्हर हा प्रोग्रॅम आहे, आणि तो एका विशिष्ट ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहिलेला असतो. विंडोजचा मॅकला चालत नाही. विंडोजमध्येही ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन पंगती आहेत, आणि ६४ बिट विंडोजला ६४ बिटचाच ड्रायव्हर लागतो. विंडोज १० दोन्ही प्रकारांत मिळायचं. २०२१ च्या ऑक्टोबरात आलेलं विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार संपला आणि पुष्कळ लोकांनी नवे लॅपटॉप घेतले. त्यांतले काही जण घरी आले, दहा-पंधरा वर्षं इमानदारीने चाललेल्या प्रिंटरची वायर लावली आणि समोर 'ड्रायव्हर उपलब्ध नाही'.

माझ्या भावाचं नेमकं हेच झालं. एकोणीस प्रतींच्या प्रकरणानंतर वर्षभराने त्याने लॅपटॉप घेतला. जुन्या डेस्कटॉपवर ३२ बिट विंडोज होतं, तिथे प्रिंटर मस्त चालायचा. लॅपटॉपसाठी कंपनीने ड्रायव्हर लिहिलेलाच नव्हता. कंपनीकडून बघितलं तर तिने का लिहावा? विकून झालेल्या वस्तूसाठी नवा प्रोग्रॅम लिहायचा, तपासायचा, आणि त्याचे पैसे कोणीच देणार नाही. पण आपल्या बाजूने बघितलं तर हा सरळ अन्याय आहे. लोखंड शाबूत, रबर शाबूत, काच शाबूत, आणि वस्तू भंगार.

त्याने प्रिंटर विकायला काढला होता. मी जुना डेस्कटॉप टाकू दिला नाही. त्यावर लिनक्स टाकलं, म्हणजे विंडोजऐवजी दुसरी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम. लिनक्समध्ये छपाईचं काम कप्स नावाची यंत्रणा बघते. मायकेल स्वीट यांनी ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी लिहिली, अ‍ॅपलने २००२ मध्ये मॅकसाठी उचलली आणि २००७ मध्ये विकतच घेतली. कंपनीने सोडून दिलेल्या बऱ्याच प्रिंटरांचे ड्रायव्हर लिनक्सवाल्या मंडळींनी स्वतः खपून लिहिलेले आहेत. सगळ्यांचे नाहीत, त्यामुळे आधी मॉडेलचं नाव शोधून बघावं. भावाचं मॉडेल निघालं. आता प्रिंटर त्या डेस्कटॉपला जोडलेला, डेस्कटॉप वायफायला, आणि लॅपटॉपच काय, गिऱ्हाइकाने पाठवलेला पीडीएफ भाऊ मोबाइलवरूनही छापतो. ज्या डब्याला स्वतःचा मेंदू नव्हता त्याला आपण एक जुना मेंदू कायमचा शेजारी बसवून दिला, इतकंच.

ड्रायव्हर आणि प्रिंटर यांच्यामध्ये आणखी एक जण बसलेला असतो, स्पूलर. हा रांगेचा कारकून. प्रिंटर हळू आणि कॉम्प्युटर वेगवान, म्हणून तुम्ही दिलेलं काम हा आधी डिस्कवर लिहून घेतो आणि सवडीने प्रिंटरला देत राहतो. त्यामुळेच कमांड दिल्या दिल्या वर्ड मोकळं होतं आणि तुम्ही पुढचं टाइप करू शकता. पण रांगेतलं पहिलं काम अडकलं, की मागचे सगळे तिष्ठत राहतात. मग आपण काय करतो? पुन्हा कमांड देतो. एसटी येत नाही म्हणून रांगेत पुन्हा पुन्हा उभं राहण्यातला हा प्रकार.

कधी कधी अडकलेलं काम 'डिलीट' म्हटलं तरी 'डिलीटिंग' असं म्हणत तासभर तिथेच बसतं. प्रिंटर बंद-चालू करून उपयोग होत नाही, कारण अडकलेला कागद प्रिंटरमध्ये नाहीच, तो डिस्कवर आहे. अशा वेळी विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स. या शेवटच्या फोल्डरातल्या फाइली पुसायच्या आणि स्पूलर परत सुरू करायचा. फोल्डर स्वतः पुसायचा नाही. आणि शेजारी ड्रायव्हर्स नावाचा फोल्डर दिसेल, त्याला हात लावायचा नाही; उत्साहाच्या भरात तोही साफ केलेले लोक मी पाहिलेत. स्पूलर थांबवल्याशिवाय फाइली पुसल्या जात नाहीत, म्हणून क्रम चुकवू नका. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यासाठी विंडोज नव्याने टाकायची अजिबात गरज नसते. 'फॉरमॅट मारावं लागेल' असं कोणी सांगितलं तर आधी त्याला स्पूलर म्हणजे काय ते विचारा.

वायफायवरच्या प्रिंटरची तऱ्हा थोडी वेगळी. तिथे वायर नसते, पत्ता असतो, आणि तो पत्ता राउटर वाटतो. वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला की प्रिंटरला कदाचित दुसराच पत्ता मिळतो. कॉम्प्युटर जुन्या दारावर टकटक करत राहतो आणि शेवटी 'ऑफलाइन' लिहून मोकळा होतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवला की हा रोग सहसा जातो. त्याआधी प्रिंटरच्या रांगेत 'यूज प्रिंटर ऑफलाइन' या ओळीपुढे बरोबरची खूण पडली आहे का बघा. लहान मुलांच्या हातून ती पडते, मोठ्यांच्याही.

आणि एक गंमत. प्रिंट दिली की कागद येण्याऐवजी फाइलला नाव विचारलं जातं, अशी तक्रार आली की मी पलीकडचं न बघता सांगतो: काल कोणीतरी पीडीएफ बनवली. विंडोजमध्ये 'डिफॉल्ट प्रिंटर मला सांभाळू द्या' अशा अर्थाचं एक सेटिंग आहे. ते चालू असलं की शेवटचा वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य होतो, आणि पीडीएफ बनवणारासुद्धा विंडोजच्या दृष्टीने प्रिंटरच. ते सेटिंग बंद करा, हवा तो प्रिंटर मुख्य करा.

ऑफिसात एका मशीनला जोडलेला प्रिंटर शेअरिंगवर टाकून बाकीच्यांनी वापरायचा, ही आपल्याकडची जुनी काटकसर. २०२१ च्या सप्टेंबरात विंडोजचं एक अपडेट आलं आणि अशा कितीतरी ऑफिसांत ११बी या आकड्याने संपणारी एरर दिसू लागली. कालपर्यंत चालत होतं, आज नाही. लोकांचा संताप साहजिक होता. पण त्यामागची गोष्ट कळली तर राग थोडा उतरतो. स्पूलर हा कारकून असला तरी त्याच्या खिशात किल्ल्या मात्र साहेबाच्या. विंडोजमध्ये तो सगळ्यात वरच्या अधिकाराने चालतो, आणि नेटवर्कवरून आलेला ड्रायव्हर बसवून घेण्याची सोयही त्याच्याकडे होती. २०२१ च्या जून-जुलैत उघड झालं की साधा वापरणारा माणूससुद्धा ड्रायव्हरच्या नावाखाली भलताच प्रोग्रॅम त्याच्या हाती देऊ शकतो आणि अख्खं मशीन ताब्यात घेऊ शकतो. त्या भगदाडाला नाव पडलं प्रिंटनाइटमेअर. ऑगस्टपासून असा ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागू लागला. ११बी हा त्याचा सख्खा नाही, पण चुलत भाऊ. दोन मशीनमधलं छपाईचं बोलणं सुरक्षित असलंच पाहिजे अशी सक्ती झाली, आणि एक मशीन अपडेट केलेलं, दुसरं नाही, अशी जोडी असली की बोलणं तुटायचं.

यावर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत, एका नोंदीची किंमत शून्य करायचा तोडगा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होता, अजून फिरतो. त्याने प्रिंट निघते हे खरं. पण कुलूप उघडत नाही म्हणून कडी कापून टाकण्यासारखं आहे ते. दोन्ही मशीन पूर्ण अपडेट करणं, किंवा प्रिंटरला नेटवर्कची सोय असेल तर तो थेट राउटरला जोडणं, हे थोडं कष्टाचं पण बरोबर.

आपल्या मराठीची म्हणून एक खास अडचण आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल स्क्रीनवर सुरेख दिसते आणि कागदावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा चिवडा येतो. या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर बसवलेली असतात. वाटेत कुठेही तो फॉन्ट सुटला आणि त्या जागी दुसरा आला, की खुर्चीचा मूळ मालक परत येऊन बसतो. पीडीएफ असेल तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंटच्या खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये 'प्रिंट अ‍ॅज इमेज' नावाचा पर्याय आहे. तो लावला की अक्षरांऐवजी पानाचं चित्रच जातं. स्क्रीनवर जे दिसतं तेच छापलं जातं, थोडा वेळ जास्त लागतो. युनिकोडमध्ये मराठी अक्षरांना स्वतःच्या खुर्च्या असतात, त्यामुळे त्यात टाइप केलेल्या मजकुराला हा त्रास क्वचितच होतो, पण तो वाद डीटीपीवाल्यांशी घालायची माझी आता हिंमत नाही.

ड्रायव्हर शोधताना मात्र सांभाळा. गूगलवर प्रिंटरचं नाव आणि 'हेल्पलाइन' टाकलं की येणारे बरेच नंबर कंपनीचे नसतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, एक अ‍ॅप टाकायला सांगतो, तुमची स्क्रीन त्याच्याकडे जाते, आणि मग 'फक्त दहा रुपये भरा'. प्रिंटर दुरुस्त करायला बँकेचं अ‍ॅप उघडावं लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर जितका कमी तितके पैसे अडवता यायची शक्यता जास्त. 'तुमचे सगळे ड्रायव्हर अपडेट करतो' म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरंही टाळलेली बरी. ड्रायव्हर घ्यायचा तो कंपनीच्या वेबसाइटवरून किंवा विंडोज अपडेटमधून.

हे ड्रायव्हरचं झेंगट हळूहळू आटत चाललंय. २०१० मध्ये अ‍ॅपलने एअरप्रिंट आणलं, कारण आयफोनवर प्रत्येक प्रिंटरचा वेगळा ड्रायव्हर टाकणं शक्यच नव्हतं. २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी मिळून मोप्रिया ही संस्था काढली, अँड्रॉइडवरची छपाई बरीचशी तिच्या नियमांनी होते. दोन्हींचा गाभा एकच: प्रिंटरने एक ठरावीक, सगळ्यांना माहीत असलेली भाषा शिकायची. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही जाहीर केलं की कंपन्यांचे वेगवेगळे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणं ते टप्प्याटप्प्याने, २०२७ पर्यंत, कमी करत नेणार. म्हणजे नवा प्रिंटर घेताना मिनिटाला किती पानं याच्या आधी खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलंय का ते बघा. तुम्ही आयुष्यभर वायरच वापरणार असाल तरी बघा. हे शब्द म्हणजे प्रिंटरला स्वतःचा मेंदू आहे याची पावती. हजार-दोन हजार वाचवून बिनमेंदूचा डबा घेतला तर तो तुमच्या आजच्या लॅपटॉपशी लग्न लावूनच घरी येतो.

भावाला मी हे सगळं दोनदा समजावलंय. त्याने एवढंच लक्षात ठेवलं की प्रिंट नाही आली तर दुसऱ्यांदा कमांड द्यायची नाही, आधी रांग उघडून बघायची. वायरीला आणि तिच्या भोकाला त्याने लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावून ठेवलाय. आणि त्या दिवशीच्या अठरा जादा भाडेकरारांचे पाठकोरे कागद अजून गल्ल्याशेजारी क्लिपमध्ये आहेत, त्यावर तो उधारी लिहितो.